वनवाटेवरील सख्य

संस्कृत भाषेंत मैत्रीचा अर्थ दाखविणारे शब्द पुष्कळ आहेत. परंतु त्यांतला 'साप्तपदीन' हा शब्द मला सर्वांत अधिक आवडतो. ज्यांनीं एकमेकांबरोबर सात पावलें टाकिलीं त्यांचें सख्य जडलें, असा त्याचा आशय आहे. वैयाकरण म्हणजे अर्ध्या मात्रेचीही काटकसर करणारी मंडळी; तथापि पाणिनीनें या एका शब्दासाठीं अष्टाध्यायींत एक स्वतंत्र सूत्र खर्चिलें आहे. महाभारतांतील सावित्री यमाच्या मागोमाग चालूं लागली, तेव्हां तिनें त्यास हाच न्याय ऐकविला. आपण बरोबर चाललों, म्हणून मित्र झालों; आतां मित्राच्या नात्यानें माझें बोलणें ऐकून घ्यावें, असा तिच्या म्हणण्याचा रोख होता. विवाहविधींतील सातवें पाऊल सख्यासाठींच टाकावयाचें असतें, हें तर घरोघरच्या गृहिणींस ठाऊक आहे.

हा शब्द वर्गांत शिकवितांना एका चौकस विद्यार्थ्यानें मला एकदां विचारलें होतें, "गुरुजी, सात पावलेंच कां? सात घास कां नाहींत?" प्रश्न मोठा मार्मिक होता. पंक्तीस बसलेल्या मनुष्याला आपला स्वभाव सहज झांकतां येतो, आणि बैठकींत गोड बोलणाऱ्याला तर त्याहूनही सहज झांकतां येतो. चालणाऱ्याचें तसें नाहीं. पाय दुखूं लागले, तहान लागली, वाट चुकली आणि पाठीवर ओझें असलें, म्हणजे दोन-चार घटकांतच मनुष्य जसा असतो तसा दिसूं लागतो. म्हणूनच मैत्रीची परीक्षा आमच्या पूर्वजांनीं पायांकडे सोंपविली असावी. या महिन्यांत त्याच परीक्षेविषयीं, म्हणजे जिवलग मित्रांनीं शिधा व पांघरूण पाठीवर घेऊन रानावनांतून करावयाच्या पायीं प्रवासाविषयीं, चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे.

विषय तसा घरोघरचाच आहे. पावसाळा ओसरला, सकाळच्या हवेंत गारवा आला, कीं तरुण मंडळींचें मन डोंगराकडे धांव घेऊं लागतें. सायंकाळीं देवघरांत दिवा लागतो न लागतो तोंच कोणी नात आजीपाशीं येऊन म्हणते, "आजी, आम्ही पांचजणी शनिवारीं गडावर जाणार आहों. एक रात्र तेथेंच मुक्काम."

आजी विचारते, "अग, पण निजणार कोठें? खाणार काय?"

"गुहेंत निजूं, आणि खिचडी आमची आम्हींच शिजवूं."

मग काका वर्तमानपत्रांतून डोकें वर काढून म्हणतात, "कांहीं नको. घरांत गाद्या कमी पडल्या काय?" आणि काकू हळूच म्हणतात, "जाऊं द्या हो. हल्लीं सगळींच मुलें जातात."

या दोन उत्तरांपैकीं पहिल्यानें मुलें हिरमुसतात आणि दुसऱ्यानें वडीलधारी मंडळी विचार करण्याच्या त्रासांतून सुटतात. मला दोन्ही उत्तरें अपुरीं वाटतात. मुलगा असो वा मुलगी असो, जावें कीं न जावें हें ठरविण्यापूर्वीं कोण कोणाबरोबर जात आहे आणि तीं सर्व कोणत्या नियमानें चालणार आहेत, हें विचारलें पाहिजे. रानांतील प्रवासाचे नियम फार थोडे आहेत. परंतु जे आहेत ते मैत्रीचेही नियम आहेत, असें माझें मत होत चाललें आहे.

पहिला नियम ओझ्याचा. वनांत जाणाऱ्या सोबत्याचें आमच्या वाङ्मयांतलें आद्य चित्र लक्ष्मणाचें आहे. रामाबरोबर निघतांना तो जें बोलतो त्यांतला मला विशेष आवडणारा भाग सामानाचा आहे. धनुष्यबाणाबरोबर कुदळ आणि टोपली मी घेईन, पुढें राहून वाट दाखवीन, कंदमुळें व फळें आणून देईन, असें तो सांगतो. प्रेमाला कुदळ-टोपलीचें रूप देणारा हा भाऊ मोठा व्यवहारी होता! हल्लींच्या प्रवासांत कुदळ नको. परंतु पाठीवरच्या पिशवींत काय असावें आणि काय नसावें, याचा विचार लक्ष्मणाच्याच वृत्तीनें करावयास हवा. या पिशवीला मुलें सॅक म्हणतात, आणि तो शब्द आतां मराठीच झाला आहे.

सामान्य माणसानें आपल्या वजनाच्या पंचमांशाहून अधिक भार घेऊन डोंगर चढूं नये, असा अनुभवी लोकांचा संकेत आहे. ६० किलो वजनाच्या तरुणानें १२ किलोंच्या आंत राहावें. त्यांत पाणी आलेंच, आणि पाण्याचा एक लिटर म्हणजे एक किलो. दिवसाचें ३-४ लिटर पाणी घेतलें कीं तितका भार आधींच झाला. म्हणून जाडजूड रजया, कांचेच्या बाटल्या, पोषाखांचे तीन-तीन जोड हें सर्व घरींच ठेवावें. जड वस्तु पाठीच्या लगत व खांद्यांच्या बाजूस, हलकें पांघरूण तळाशीं, अशी मांडणी करावी. आणि कमरेचा पट्टा नीट आवळावा, म्हणजे भार खांद्यांवरून उतरून कमरेवर येतो.

पातेलें, शिधा, दोर, औषधांची पेटी या वस्तु मंडळींत मिळून एकेकच लागतात, आणि खरी गंमत त्यांच्या वांटणींत आहे. सर्वांस सारखें वांटून दिलें म्हणजे न्याय झाला, असें मुलांस वाटतें. पण ८० किलोंच्या धिप्पाड मुलाला ४ किलो आणि ४५ किलोंच्या किरकोळ मुलीलाही ४ किलो, हा न्याय तराजूचा झाला. शरीराचा न्याय निराळा आहे. जो सशक्त आहे त्यानें अधिक घ्यावें व त्याचा उच्चार करूं नये. जो अशक्त आहे त्यानें कमी घ्यावें व त्याची लाज बाळगूं नये. या दोहोंपैकीं दुसरी गोष्ट अधिक कठीण आहे.

दुसरा नियम वेळाचा. विल्यम नेस्मिथ नांवाच्या स्कॉटलंडमधील एका गिर्यारोहकानें १८९२ सालीं एक सोपा हिशेब सांगून ठेविला आहे. वाट चालण्यास दर तासाला ३ मैल, म्हणजे सुमारें ५ किलोमीटर धरावे. आणि चढाच्या दर २,००० फुटांस, म्हणजे सुमारें ६०० मीटरांस, आणखी एक तास मिळवावा. १० किलोमीटरांची वाट आणि त्यांत ६०० मीटरांचा चढ असल्यास दोन अधिक एक, असे तीन तास झाले. हा हिशेब धडधाकट मनुष्याचा, आणि त्यांत विसांवा धरलेला नाहीं. सह्याद्रीचे घसरडे मुरूम, पाठीवरचें ओझें आणि दुपारचें ऊन लक्षांत घेऊन मी तो दीडपट करतों. आणि हें सर्व गणित मंडळींतल्या सर्वांत सावकाश चालणाऱ्याच्या पायांनीं मांडावें लागतें. सर्वांत चपळ गडी किती वेळांत पोंचेल, या माहितीचा रानांत कोणालाही उपयोग नाहीं.

म्हणून जाणत्या मंडळींत पुढें एक वाट जाणणारा असतो आणि शेवटीं एक दमदार व शांत माणूस असतो. त्या शेवटच्याच्या मागें कोणीही राहावयाचें नाहीं, असा दंडक असतो. पुढच्याला वाट दिसली पाहिजे. शेवटच्याला माणसें दिसलीं पाहिजेत. दोहोंत दुसरें काम अवघड, कारण त्यांत गौरव नाहीं. गडाच्या माथ्यावर तो नेहमीं शेवटींच पोंचतो.

तिसरा नियम परत फिरण्याचा. तो आम्हां कांहीं मित्रांस ज्या प्रसंगीं नीट उमगला, तो येथें सांगतों.

आमचें समवयस्कांचें एक लहानसें टोळकें आहे. त्यांत माझे एक डॉक्टर बालमित्र आहेत, एक गणिताचे व एक भूगोलाचे असे दोन निवृत्त मास्तर आहेत, आणि बँकेंतून सेवानिवृत्त झालेले एक अत्यंत सौजन्यशील गृहस्थ आहेत. चार वर्षांपूर्वीं आश्विन महिन्यांत आम्ही पांचांनीं हरिश्चंद्रगडावर जाण्याचें ठरविलें. हा गड अहिल्यानगर, म्हणजे पूर्वींच्या अहमदनगर, जिल्ह्यांत अकोले तालुक्यांत आहे. उंची १,४०० मीटरांहून अधिक. माथ्यावर हरिश्चंद्रेश्वराचें प्राचीन देऊळ आहे. जवळच केदारेश्वराची गुहा असून तींत थंडगार पाण्यांत मोठें शिवलिंग आहे, आणि भोंवतालच्या चार खांबांपैकीं एकच अखंड उरला आहे. चांगदेवानें आपला तत्त्वसार हा ग्रंथ याच गडावर रचिला असें मानतात. पश्चिमेस कोंकणकडा आहे. तो नागफणीसारखा आंत वळलेला असल्यामुळें कांठावरून खालीं पाहणाऱ्यास कड्याचें अंगच दिसत नाहीं. एकदम कोंकणच दिसतें.

आमच्या भूगोलाच्या मास्तरांना त्या कड्यावरून इंद्रवज्र पाहावयाचें होतें. विल्यम हेन्री साइक्स या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानें दख्खनच्या हवामानावर लिहिलेला निबंध १८३५ सालीं प्रसिद्ध झाला. हरिश्चंद्रगडावरून पाहिलेल्या संपूर्ण वर्तुळाकार इंद्रधनुष्याची नोंद त्यांत आहे. पावसाळ्याच्या अखेरीस दरींत धुकें दाटलेलें असावें आणि सूर्य पाहणाऱ्याच्या पाठीशीं असावा, म्हणजे हा चमत्कार घडतो. धुक्यावर आपली सांवली पडते आणि त्या सांवलीच्या मस्तकाभोंवतीं सप्तरंगी वलय उमटतें. त्यांत मौज अशी, कीं पांच माणसें शेजारीं शेजारीं उभीं असलीं, तरी वलयाचा मध्य ज्याला त्याला आपल्याच मस्तकाशीं दिसतो. मास्तरांनीं हा पाठ तीस वर्षें फळ्यावर खडूनें काढून शिकविला होता. प्रत्यक्ष मात्र एकदांही पाहिला नव्हता.

आम्ही जुन्नर तालुक्यांतील खिरेश्वराकडून चढावयाचें ठरविलें. गांवचा एक तरुण वाटाड्या म्हणून बरोबर घेतला. नागेश्वराच्या जुन्या देवळांत दर्शन घेऊन पहाटेस निघालों. धुकें इतकें दाट होतें कीं भूगोलाच्या मास्तरांचा चेहरा खुलला होता! आमचे बँकेचे स्नेही मात्र निघाल्यापासून मागें पडत होते. कोणीं विचारलें कीं म्हणत, "कांहीं नाहीं हो, पादत्राण नवें आहे." थोड्या वेळानें म्हणाले, "रात्रीं झोंप नीट लागली नाहीं." तोलार खिंडींत पोंचलों तेव्हां ते एका धोंड्यावर बसले. हवा गार होती, तरी त्यांच्या कपाळावर घाम होता आणि पाण्याचें भांडें धरलेला हात कांपत होता.

डॉक्टरांनीं नाडी पाहिली आणि छातींत कसें वाटतें तें विचारलें. स्नेही म्हणाले, "मला कांहीं झालेलें नाहीं. माझ्यासाठीं कोणी खोळंबूं नका. तुम्ही पुढें व्हा. मी येथें बसून विसांवा घेतों आणि मग सावकाश खालीं उतरतों."

गणिताच्या मास्तरांनीं लगेच हिशेब मांडला. दोघांनीं वाटाड्याला घेऊन यांच्यासह खालीं जावें, उरलेल्या दोघांनीं वर जावें. म्हणजे कोणाचेंच नुकसान नाहीं. हिशेबांत चूक नव्हती. पण डॉक्टर म्हणाले, "अहो मास्तर, धुक्यांत, अनोळखी वाटेवर, वाटाड्यावांचून दोन म्हातारे वर पाठवूं काय? आणि खालीं यांना उचलून न्यावें लागलें तर माणसें किती लागतील, तें गणितांत धरलें आहे काय? आलों तसे सगळे उतरूं."

क्षणभर कोणीच बोललें नाहीं. आम्हां सर्वांचें लक्ष भूगोलाच्या मास्तरांकडे गेलें. धुकें हवें होतें तसें होतें. ऊन निघण्याचीं चिन्हें होतीं. वय असें कीं पुढच्या आश्विनाची खात्री कोणीं द्यावी? मास्तर उठले. त्यांनीं आपली सॅक पाठीवर घेतली, स्नेह्यांची सॅक उचलून छातीशीं अडकविली आणि खिरेश्वराकडे तोंड केलें. म्हणाले एवढेंच, "चला, आतां उतार आहे."

उतरतांना वाटाडा पुढें, मध्यें स्नेही व डॉक्टर, आणि सर्वांच्या मागें भूगोलाचे मास्तर. वाटेंत तीन वेळां थांबलों. गांवांत पोंचतांच वाहन करून रुग्णालय गांठलें. हृदयाकडे रक्त नेणाऱ्या एका वाहिनींत अडथळा असल्याचें तेथें निघालें. चढ तसाच चालू ठेवला असता तर प्रसंग बिकट होता, असें तेथील वैद्यांनीं सांगितलें. योग्य उपचार झाले. आज आमचे स्नेही रोज सकाळीं सपाटीवर चार किलोमीटर चालतात.

पुढें कित्येक महिने त्यांना एकच खंत होती. भेटले कीं म्हणावयाचे, "मास्तर, माझ्यापायीं तुमचें इंद्रवज्र राहिलें." शेवटीं एकदां मास्तर त्यांना म्हणाले, "अहो, इंद्रवज्रांत ज्याला त्याला आपल्याच डोक्याभोंवतीं वलय दिसतें. मला त्या दिवशीं तुमचें डोकें शाबूत दिसलें. तेवढें दर्शन पुरे आहे." मास्तरांनीं अद्यापि इंद्रवज्र पाहिलेलें नाहीं.

या प्रसंगावर आम्हीं पुढें पुष्कळ बोललों, आणि एक गोष्ट सर्वांस पटली. स्नेह्यांनीं जें लपविलें तें भित्रेपणानें नव्हे. ते सौजन्यानें लपविलें. आपल्यामुळें दुसऱ्यांच्या आनंदांत खंड पडूं नये, ही त्यांची भावना. परंतु रानांत असलें सौजन्य घातक ठरतें. म्हणून आतां आमच्या मंडळींत निघण्यापूर्वींच ठरतें, कीं दुखणें लपविणें हा अपराध, आणि 'माझ्यानें होत नाहीं' असें म्हणणें हें सर्वांवर केलेले उपकार. दर तासानें थांबून प्रत्येकास विचारावयाचें, आणि एकानें 'पुरे' म्हटलें कीं सर्वांना पुरे.

मोठमोठ्या पर्वतांवरही हाच नियम चालतो. १९३६ सालीं इंग्रज व अमेरिकन गिर्यारोहकांची एक लहानशी तुकडी गढवालांतील ७,८१६ मीटर उंचीच्या नंदादेवी शिखरावर गेली होती. ओडेल आणि ह्यूस्टन हे दोघे सर्वांत वरच्या तळावर पोंचले. शिखर आटोक्यांत आलें. इतक्यांत डब्यांतील बिघडलेलें अन्न खाऊन ह्यूस्टन आजारी पडला. तो खालीं उतरला आणि त्याच्या जागीं टिलमन वर आला. २९ ऑगस्ट १९३६ रोजीं टिलमन व ओडेल यांनीं शिखर गांठलें. त्यानंतर १९५० पर्यंत त्याहून उंच शिखरावर कोणाचेंही पाऊल पडलें नाहीं. इतिहासांत नांवें लागलीं तीं वर गेलेल्या दोघांचीं; पण जागा मोकळी करून खालीं आलेल्याचाही त्या यशांत वांटा आहे, हें डोंगरांत फिरलेला मनुष्य विसरत नाहीं. हा ह्यूस्टन पुढें अतिउंचीवरच्या आजारांचा नामांकित अभ्यासक झाला.

कोणी शास्त्रज्ञ वाचक येथें म्हणतील, कीं महाप्रस्थानाच्या वेळीं धर्मराजानें याच्या अगदीं उलट केलें. द्रौपदी पडली, सहदेव पडला, नकुल, अर्जुन, भीम पडले. तो मागें वळून न पाहतां चालतच राहिला. खरें आहे. पण ती वाट स्वर्गाची होती आणि तेथें जो तो आपल्या कर्माचें ओझें वाहत होता. त्यांतूनही स्वर्गाच्या दारीं, बरोबर चालत आलेल्या कुत्र्याला सोडून आंत जाण्याचें धर्मराजानें नाकारलें, ही गोष्ट आपण विसरतां कामा नये. आपली वाट गडाची आहे, आणि गडावरून सर्वांस घरीं परत यावयाचें आहे.

आतां हें सर्व घरीं बसून वाचणाऱ्यांस कशाला, असें कोणास वाटेल. मला तर आमचीं एकत्र कुटुंबें म्हणजे पाठीवर ओझें घेऊन निघालेली एक मंडळीच वाटते. तेथेंही मिळवत्याचें व न मिळवत्याचें, निरोगी व दुखणाइताचें ओझें सारखें नसतें. तेथेंही एखादा दीर पुढें पुढें धांवतो आणि एखादी सासू मागून सर्वांस सांभाळीत येते. आणि तेथेंही कोणी तरी कपाळावरचा घाम पुसून म्हणत असतें, "मला कांहीं झालेलें नाहीं, तुमचें चालूं द्या." बहुतेक घरांत हें बोलणारी घरची सून किंवा घरची आजी असते. सणवार पार पडतात, पाहुणे जेवून जातात, आणि तिचें दुखणें चार महिन्यांनीं उघड होतें. ज्या मुलानें खिंडींत थांबून मागच्याला विचारावयास शिकून घेतलें आहे, तो स्वयंपाकघराच्या दाराशींही थांबून विचारील, अशी मला आशा आहे. वनयात्रेचा मला दिसणारा सर्वांत मोठा लाभ हाच.

रानाचाही आपल्यावर कांहीं हक्क आहे. कळसूबाई व हरिश्चंद्रगड यांचा परिसर १९८६ पासून अभयारण्य आहे, आणि सह्याद्रींतले असे कित्येक प्रदेश संरक्षित आहेत. तेथील मुक्कामाचे व विस्तवाचे नियम वनखात्याकडे आधीं विचारून घ्यावे आणि पाळावे. सात वर्षांनीं एकदां फुलणारी कारवी हौसेखातर तोडूं नये. कड्याकपारींत आग्या मोहोळें असतात; तेथें धूर, अत्तरें व आरडाओरडा यांपासून दूर राहावें, कारण चवताळलेल्या माश्यांपुढें पळावयास कड्यावर जागा नसते. ऐन पावसाळ्यांत ओढ्यांना क्षणांत लोंढा येतो. ओढा फुगला असेल तर ओसरेपर्यंत अलीकडेच थांबावें. ज्या प्लॅस्टिकच्या पिशव्या भरलेल्या असतांना वर नेतां आल्या, त्या रिकाम्या झाल्यावर खालीं आणतां येत नाहींत असें म्हणणें हास्यास्पद आहे. गडावर पिठलें-भाकरी करून देणाऱ्या गांवकरी बायांस योग्य मोल द्यावें आणि त्यांच्याशीं अदबीनें बोलावें. त्या डोंगराच्या यजमानीण, आपण पाहुणे.

तेव्हां, वाचकहो, घरांतील मूल गडावर जातों म्हणालें तर एकदम नाहीं म्हणूं नये आणि एकदम होयही म्हणूं नये. त्याला जवळ बसवून कांहीं प्रश्न विचारावे. बरोबर कोण कोण आहे, आणि त्यांतला सर्वांत अशक्त कोण? वाट जाणणारा कोण, आणि शेवटीं कोण चालणार? अंधार पडण्यापूर्वीं पोंचण्यासाठीं किती वाजतां निघणार, आणि किती वाजेपर्यंत पोंचला नाहींत तर मागें फिरणार? पायथ्याच्या गांवांत कोणास सांगून वर जाणार? संकटांत ११२ या क्रमांकाला हांक मारतां येते. पण दरींत भ्रमणध्वनि चालेलच असें नाहीं, म्हणून परतण्याची वेळ घरीं लिहून ठेविली आहे काय? या प्रश्नांचीं उत्तरें जें मूल न अडखळतां देईल, त्याला आनंदानें जाऊं द्यावें. आजीनें बरोबर दशम्या बांधून द्याव्या. जें अडखळेल, त्याला रागें भरूं नये. उत्तरें शोधून आण, मग जा, असें सांगावें.

आणि तीं मुलें उन्हानें रापलेलीं, धुळीनें माखलेलीं परत आलीं म्हणजे गड किती उंच होता, तेथून काय काय दिसलें, हें तर तीं आपण होऊन सांगतीलच. तें सर्व ऐकून घ्यावें, पानें वाढावीं आणि मग सहज विचारावें, "तुमच्यांत सर्वांत मागें कोण पडलें होतें? आणि त्याच्याबरोबर कोण चाललें?"